अर्धवट रेस कार सगळ्यात धोकादायक

आज बोलायचंय माझ्या गाडीबद्दल. म्हणजे जुनी स्पोर्ट्स कार घेऊन तिची रेस कार करताना मी काय काय माती खाल्ली, त्याबद्दल.

मी बीटेक, दिवसभर कोड लिहितो, सध्या नोकरीसाठी कॅलिफोर्नियात. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, त्यामुळे ग्रीसचा वास लहानपणापासून घरातलाच. इथे आल्यावर साठवलेल्या पैशांतून एक १९९९ची माझदा मियाटा घेतली. दोन सीट, उघडं टप, १.८ लिटर इंजिन, साधारण १४० हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या जरा वर. हे मॉडेल १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दाखवलं गेलं आणि आजही हौशी रेसिंगमध्ये सगळीकडे दिसतं. कारण सोपं आहे. गाडी हलकी, मागच्या चाकांना पॉवर, पार्ट्स भरपूर. शिवाय अमेरिकेत ‘स्पेक मियाटा’ नावाचा रेसिंगचा एक वर्गच आहे. त्यात सगळ्यांना ठरवून दिलेलं सारखंच सस्पेन्शन आणि सारखेच टायर. पैसे ओतून इंजिन फुगवता येत नाही. म्हणजे तुम्ही मागे पडलात तर गाडीला दोष देता येत नाही!

मी काय केलं? सगळ्यात आधी ऑनलाइन लाल रंगाचा हार्नेस मागवला. खांद्यावरून दोन आणि कमरेचे दोन, असे चार पट्टे. फोटोत एकदम भारी दिसत होता. तो बसवून थेट ट्रॅक डेला गेलो. तिथे गाडी तपासणाऱ्या काकांनी आत डोकावून एकच प्रश्न विचारला, “रोल बार कुठंय?” नव्हता. मला ट्रॅकवर सोडलंच नाही. सुट्टी टाकून, पहाटे चारला उठून गेलो होतो. फार राग आला.

नंतर समजून घेतलं तेव्हा अंगावर काटा आला. साध्या गाडीचा पट्टा एकाच खांद्यावरून जातो. गाडी उलटली आणि वरून दाब आला तर माणूस थोडा तरी बाजूला झुकू शकतो. हार्नेस तुम्हाला ताठ बांधून ठेवतो. वर पोलादी रोल बार नसेल, तर गाडीतली सगळ्यात उंच वस्तू कोण? तुमचं डोकं!

बरं, रोल बार बसवला म्हणून काम संपत नाही. मांड्यांमधून जाणारा पट्टा नसेल तर धडकेत माणूस खाली सरकतो आणि कमरेचा पट्टा पोटात घुसतो. म्हणून सहा पट्ट्यांचा हार्नेस लागतो. तो पट्टा वर यायला सीटला भोक हवं, म्हणून रेसिंगची सीट आली. आता छाती घट्ट बांधली, पण डोकं मोकळंच. समोरून धडक बसली की मान ताणली जाते. त्यासाठी हान्स हे उपकरण लागतं. खांद्यावर बसतं आणि दोऱ्यांनी हेल्मेट धरून ठेवतं. रॉबर्ट हबर्ड नावाचे प्राध्यापक आणि त्यांचे रेसर मेहुणे जिम डाउनिंग यांनी ते बनवलं. २००१मध्ये डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट गेले, त्यांनी ते घातलेलं नव्हतं. त्यानंतर त्याच वर्षी नॅसकारने असं उपकरण सक्तीचं केलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही सगळी डिपेंडन्सी आहे. एक पॅकेज टाकलं की चार अजून लागतात, आणि मधेच थांबलात तर जुनी सिस्टीम बरी होती असं म्हणायची वेळ येते. पूर्ण रोल केज घातलेली गाडी हेल्मेटशिवाय रस्त्यावर चालवणंही तसंच. छोट्या धडकेतही डोकं थेट पाइपवर आपटतं. म्हणून केज वेल्ड करायचं ठरलं त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं, ही गाडी आता ऑफिसला जाणार नाही. कार्पेट, एसी, कापडी टप सगळं काढलं आणि ट्रॅकवर न्यायला ट्रेलर भाड्याने घ्यायला लागलो. आपल्याकडेही काही जण रोजच्या गाडीत दिसायला भारी म्हणून हार्नेस आणि पाइप बसवतात. मित्रांनो, प्लीज नको.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. व्हिडिओ कॉलवर बाबांना नवीन सीट दाखवत होतो. ते म्हणाले, “ते राहू दे. ब्रेक ऑइल कधी बदललंस?” मी म्हटलं, “बाबा, ब्रेक मस्त लागतायत.” ते काहीच बोलले नाहीत.

पुढच्या महिन्यात थंडरहिलच्या ट्रॅकवर, चौथ्या की पाचव्या लॅपला, सरळ पट्टा संपताना ब्रेक दाबला आणि पेडल थेट खाली गेलं. काहीच नाही! पुन्हा पुन्हा दाबलं, गिअर उतरवले, आणि ट्रॅक सोडून धुळीत लांबवर जाऊन थांबलो. समोर काही नव्हतं म्हणून आज बोलतोय. झालं काय होतं? ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशाला उकळतं, पण पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५पर्यंत खाली येऊ शकते. रस्त्यावर तेवढी उष्णता सहसा होत नाही, ट्रॅकवर होते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि तुमचा पाय ब्रेकऐवजी नुसती वाफ दाबत बसतो.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं रागावतील. ते म्हणाले, “आमच्याकडे गाडी डेपोतून बाहेर काढायच्या आधी ब्रेक बघायचे. तू सीट बघितलीस.” बस, एवढंच.

तर करायचंच असेल तर क्रम लक्षात ठेवा. आधी ब्रेक, मग केज, सीट, हार्नेस, हान्स हे सगळं एकत्र, मग टायर. पॉवर सगळ्यात शेवटी, किंवा नाहीच. आणि या सगळ्याआधी साध्या गाडीत, प्रशिक्षकासोबत चालवायला शिका.

पहिल्या रेसमध्ये माझा नंबर शेवटून पाचवा. आईने विचारलं, “कितवा आलास?” मी सांगायच्या आत मागून बाबांचा आवाज, “ब्रेक लागले ना?”

लागले, बाबा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत तुमच्या बाइकचं ब्रेक ऑइल एकदा बघून घ्या.