मोजके रंग, पुरते कपडे



या व्यासपीठावरून आपण तत्त्वज्ञान ऐकता, इतिहास ऐकता, अर्थकारण ऐकता. तेथे कामगार चळवळीतल्या माणसाने उभे राहून कपड्यांच्या रंगांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात व कारखान्याच्या फाटकावर अधिक झाले. पण कापड विणणारा, रंगवणारा, शिवणारा, आणि तेच कापड विकत घेताना चार वेळा खिसा चाचपणारा, हे सारे आमचेच लोक. तेव्हा या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आम्हांला आहे, असे आम्ही धरून चालतो.

शिवणकामाच्या कारखान्यांतील बायांच्या सभा आम्ही अनेक वर्षे भरवीत आलो आहोत. ‘काल का आला नाहीत?’ असे विचारले, की पुष्कळदा उत्तर येते, ‘भाऊ, नेसायला धड काही नव्हतं.’ दिवसभर दुसऱ्यांच्या शर्टांना कॉलर लावणाऱ्या बाईचे हे उत्तर! अधिक चौकशी केली तर कळते, की पेटी काही रिकामी नसते. साडी असते, पण तिच्यावरचे ब्लाउज विरलेले असते. कमीज असतो, पण त्याला शोभेलशी सलवार नसते. पुरुषांचेही तेच. म्हणजे उणीव कपड्यांची थोडी आणि मेळाची फार. आम्हांला आज सांगायचे आहे ते एवढेच, की रंग आधी ठरवावेत आणि कपडे मागाहून घ्यावेत.

हिशेब करून पाहू. एकाजवळ आठ शर्ट आणि आठ पँटी आहेत. पण प्रत्येक शर्ट एकाच पँटीवर जातो. 16 कपड्यांत जोड झाले 8. दुसऱ्याजवळ चार शर्ट आणि तीनच पँटी आहेत. पण कोणताही शर्ट कोणत्याही पँटीवर चालतो. 7 कपड्यांत जोड झाले 12! निम्म्याहून कमी कपडे आणि दीडपट सोय. शिवाय पहिल्याची एक पँट फाटली, की तिच्याबरोबर एक शर्टही बाद होतो. दुसऱ्याचे तसे होत नाही.

हे शहाणपण आपल्याला नवे नाही. आपल्या आज्यांचे इरकली लुगडे आठवा. अंग काळे असो, हिरवे असो की निळे. पदर मात्र लाल, त्यावर पांढरी नक्षी, आणि काठही बहुधा त्याच लाल घराण्यातला. त्यामुळे एक लालसर खणाची चोळी तीन लुगड्यांवर खुशाल चाले. काळी चंद्रकळा नेसली, तरी तिच्या लाल काठाला तीच चोळी शोभे. त्या बाईला कोणी रंगशास्त्र शिकवले नव्हते. विणकरानेच मेळ लुगड्यात विणून ठेवला होता.

आणि हे केवळ आपल्याच देशातले नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1 जून 1941 रोजी, इंग्लंडमध्ये कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी माणशी 66 कुपने मिळाली. पुरुषाच्या कोटाला 13 आणि लोकरी पँटीला 8 कुपने लागत. पुढे ही कुपनेही कमी झाली. 1943 साली तेथील सरकारने, आहे तेच चालवा आणि फाटले ते सांधा, अशा अर्थाची पुस्तिका काढली. हाती मोजकी कुपने असताना, ज्याला घरात जोडीदार नाही असा कपडा घेणे म्हणजे कुपन वाया घालवणे, हे गृहिणींना सांगावे लागत नव्हते. पुढे 1985 साली न्यूयॉर्कच्या डोना कॅरन या बाईंनी काळ्या रंगाच्या आधाराने सात मोजक्या कपड्यांचा संच मांडला आणि त्याची मोठी वाहवा झाली. गरजेपोटी जे करावे लागते, तेच श्रीमंतांनी केले म्हणजे त्याला फॅशन म्हणतात, एवढाच काय तो फरक!

आता हे घरी करायचे कसे? प्रथम पेटीतले सारे कपडे खाटेवर पसरावेत. सर्वांत अधिक वापरले जाणारे कोणते, ते पाहावे. तुमचे रंग त्यांतच सापडतील. त्यांतले दोन पायाचे रंग ठरवावेत. गडद निळा आणि राखाडी, किंवा तपकिरी आणि काळा. पँट, सलवार, चपला, पिशवी ही या रंगांत असावीत. तिसरा रंग फिका घ्यावा. पांढरा, मोतिया किंवा आकाशी. चौथा मात्र हौसेचा. तेथे कोणी कंजुषी करू नये. लाल आवडतो त्याने लाल घ्यावा, हिरवा आवडतो त्याने हिरवा. साडी नेसणाऱ्या भगिनींनी ब्लाउजपासून आरंभ करावा. शिलाई साडीगणिक भरण्यापेक्षा काळे, मरून आणि मोतिया अशी तीन चांगली ब्लाउजे शिवावीत, आणि नवी साडी घेताना काठ या तिघांपैकी एकाशी बोलतो का, ते पाहावे.

खरेदीच्या चार गोष्टीही सांगतो. दुकानाच्या दिव्यात जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात. म्हणून कापड दारापाशी आणून उजेडात पाहावे. घरच्या कपड्याची चिंधी बरोबर न्यावी; रंग डोळ्यांत साठवून नेता येत नाही. जोडीने वापरायचे कापड एकाच ताग्यातले घ्यावे, कारण ताग्याताग्यात छटा बदलते. आणि ओला पांढरा रुमाल कापडाच्या कोपऱ्यावर घासून पाहावा. रुमाल रंगला, तर पुढे बादलीतले सारे कपडे रंगतील.

आपल्याला एवढ्या रंगांची भूल पडली कशी, हेही पाहिले पाहिजे. 1856 साली लंडनमध्ये पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा क्विनीन बनवू पाहत होता. हाती आला जांभळा रंग. तेथून कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. पूर्वी दुर्मीळ असलेली छटा गरिबाच्याही आवाक्यात आली, हे चांगलेच झाले. पण त्याची किंमत कोणीतरी मोजतोच. तमिळनाडूतील तिरुपूरला रंगशाळांच्या सांडपाण्याने नोय्यल नदी नासली. अखेर जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील 700 हून अधिक रंगशाळा बंद करावयास लावल्या. नदी नासली तेव्हा शेतकरी बुडाला; रंगशाळा बंद झाल्या तेव्हा कामगार बुडाला. रंगाची हौस करणारा मात्र दुसऱ्या दुकानात गेला.

नवरात्रातल्या नऊ रंगांचेच पाहा. ही चाल पुरातन नाही. या शतकाच्या आरंभी वर्तमानपत्रांनी ती रुजवली. लोकलच्या डब्यात साहेबीण आणि कारकून एका रंगात दिसतात, याची मौज आम्हांलाही वाटते. पण त्यासाठी कोणी उसने काढून साडी घेऊ नये. शेजारणींनी साड्यांची अदलाबदल करावी. रंगही साधतो आणि स्नेहही वाढतो.

आता आमचेच सोबती आम्हांला विचारतात, ‘लोकांनी कपडे कमी घेतले, तर शिवणाऱ्याच्या पोटाचे काय?’ प्रश्न खरा आहे, तो आम्ही टाळणार नाही. पण आज रोज नव्या रंगाचा माल निघतो, म्हणून शिवणारीची मजुरी वाढली आहे काय? मालाची घाई असली की रात्रपाळी, आणि हंगाम सरला की घरी बसा, हेच तिच्या वाट्याला येते. स्वस्त मालाची स्वस्ताई बहुधा तिच्या मजुरीतूनच कापलेली असते. टिकाऊ कपड्याला नीट शिलाई लागते, रफूवाला लागतो, शिंपी लागतो. तेवढ्याने साऱ्यांच्या कामाची हमी मिळेल, असे आम्ही म्हणत नाही. ती मिळवण्यासाठी संघटनाच हवी. पण ग्राहकाच्या उधळपट्टीवर कामगाराचे कल्याण उभे राहत नाही, एवढे आम्ही अनुभवाने सांगतो.

शेवटी प्रश्न मानाचा आहे. डिसेंबर 1927 मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना नेसण्याची पद्धत बदलण्यास, स्वच्छ राहण्यास आणि जातीची खूण सांगणारे दागिने टाकून देण्यास सांगितले. कपडा अंग झाकतो, तसाच तो माणसाला ताठ उभे राहण्याचे बळही देतो, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी महाग वस्त्रे घ्या, असे सांगितले नाही. मालक ठरवतो तो गणवेश, बाजार ठरवतो ती फॅशन. पण आपले चार रंग आपण ठरवले, तर तो आपला पोशाख. पेटीत सात कपडे असावेत, सातही एकमेकांना ओळखणारे असावेत, आणि सभेला यायचे नाही म्हणण्यास कोणा बाईला ते कारण उरू नये, एवढीच आमची इच्छा आहे.