शत्रू न बघताच गेलेले वैमानिक

(या भागाचा लिखित मजकूर)

लोहगावचं विमान डोक्यावरून गेलं की आपण पुणेकर काय करतो? फोनवरचं बोलणं थांबवतो, आवाज गेला की म्हणतो, "हां, बोल." मीही तेच करायचे. पण मागच्या रविवारी खडकीच्या वॉर सिमेट्रीत गेले आणि थोडं बदललं.

तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या नोंदी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या कबरी इथे एकत्र आणल्या. काही दगडांवर रॉयल एअर फोर्सचा गरुड आहे. वयं? विशीतली. म्हणजे तुमची-माझी.

मला प्रश्न पडला, लढाई तर ब्रह्मदेशाच्या सीमेवर, इथून दोन हजार किलोमीटरहून लांब. मग ही पोरं इथे कशी गेली? काही आजारपणात. आणि काही अपघातात, शत्रूचं विमान एकदाही न बघता.

लोहगावचा तळ १९३९ चा. युद्धात इथे वेलिंग्टन आणि मॉस्किटो विमानं होती. मॉस्किटो तर चक्क लाकडाचं, गोंदाने जोडलेलं! १९४४ मध्ये भारतात काही मॉस्किटो हवेतच मोडून पडली. कारण? कारखान्यात नीट न बसलेले सांधे आणि वर आपली ऊन-दमट हवा. शेवटी त्यांची उड्डाणं काही काळ थांबवावी लागली. गोळी एकही लागली नव्हती.

हे फक्त भारतातलं नाही. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे ५५ हजारांहून जास्त लोक गेले, त्यातले ८ हजारांहून जास्त अपघातांत. अमेरिकेत तर देशातल्या देशात, प्रशिक्षणाच्या काळात, जवळपास १५ हजार. घाईत उरकलेलं शिक्षण, वापरून जुनी झालेली विमानं, रात्रीचा सराव, खराब हवा. युद्धाला माणसं लवकर हवी होती, त्याची ही किंमत.

आता दगडाबद्दल. त्यावर नंबर, हुद्दा, नाव, तारीख असते. मरणाचं कारण नसतं. लढाईत गेलेला आणि सरावात गेलेला, दोघांचा दगड सारखाच. खाली घरच्यांना एक ओळ लिहायची मुभा होती, फक्त मोजक्या अक्षरांची. तार घरी आली तेव्हा त्या आईला 'लढाईत की सरावात' यानं काय फरक पडला असेल?

फरक आपण करतो. लढाईत गेला तो शूर, सरावात गेला तो बिचारा.

१४ ऑक्टोबर २०१४ आठवतंय? लोहगावहून सरावाला निघालेलं सुखोई थेऊरजवळ पडलं. दोन्ही वैमानिक बाहेर पडले, वाचले. आपण बातमी वाचली आणि पुढे स्क्रोल केलं.

म्हणून एवढंच सांगते. एकदा खडकीला जाऊन या. गरुड असलेल्या एका दगडापाशी थांबा, नाव मोठ्याने वाचा. आणि पुढच्या वेळी विमान गेलं की "हां, बोल" म्हणायच्या आधी लक्षात असू द्या, वर कुणीतरी सराव करतंय. सराव म्हणजे सुरक्षित असं नसतं.

भेटू पुढच्या भागात.