देहविक्रय, कायदा आणि मिळकत

उमेळ्यासारख्या गावी ज्या व्यवसायाचा उच्चार सहसा होत नाही, त्याच्या आर्थिक अंगाचा आज विचार करू.

१९५६च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक अधिनियमाने प्रौढ स्त्रीचा स्वेच्छेचा देहविक्रय हाच मुळी गुन्हा ठरविलेला नाही. परंतु कुंटणखाना चालविणे, गिऱ्हाइकास उघड्यावर खुणावणे, आणि अठरा वर्षांवरील कोणीही तिच्या मिळकतीवर जाणूनबुजून उपजीविका करणे, ही सर्व कृत्ये दंडनीय असल्यामुळे, वृद्ध आईचे औषधपाणी करणारी वा सज्ञान मुलास शिकविणारी स्त्री आपल्याच आप्तांना फौजदारीच्या छायेत आणते. याच धास्तीपायी खोलीभाड्याची पावती मिळत नाही, म्हणून रहिवासाचा दाखला नाही. दाखल्यावाचून बँकेचे खाते नाही. मग कर्जासाठी सावकाराचा उंबरठाच उरतो. २०२०च्या टाळेबंदीत महाराष्ट्र शासनाने या स्त्रियांना दरमहा ५,००० रुपये साह्य मंजूर केले, तेव्हाही खाते आणि कागदपत्रे हीच अडचण होती. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्त्याच्या पुराव्याविना आधारपत्र देण्याची तजवीज केली, हे मला देहविक्रयास गुन्हा न मानण्याइतकेच मोलाचे वाटते.

परदेशांचा अनुभवही पाहू. जर्मनीने २००२ साली या व्यवसायातील करारांना मान्यता देऊन विम्याचे दार उघडले, तरी नोंदणी अल्पच झाली. कारण नाव उघड होण्याची धास्ती कायद्याने मिटत नाही. न्यूझीलंडने मात्र २००३ साली फौजदारी निर्बंध हटवून कामगारांचे हक्क लागू केले, आणि २०१४ साली तेथील एका स्त्रीने लैंगिक छळाबद्दल कुंटणखान्याच्या मालकाकडून २५,००० डॉलरची भरपाई रीतसर मिळविली.