चरबीचा सांगावा

आपल्या भाषेनं चरबीला कधी चांगलं म्हटलं नाही. कुणी माजला की आपण म्हणतो, 'चरबी चढलीय त्याला!' पण बाईच्या देहातली ही चरबी नुसती पडून नसते. ती मेंदूला सांगावा धाडते.

हा सांगावा नेणारं संप्रेरक म्हणजे लेप्टिन. १९९४ साली अमेरिकेतल्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याचं जनुक सापडलं. लेप्टिन चरबीच्या पेशींत तयार होतं आणि रक्तातून मेंदूपर्यंत पोचतं. निरोप एवढाच, की कणगीत दाणा आहे. मग मेंदू पिट्युटरी ग्रंथीला जागवतो, ती बीजकोशाला जागवते. बीज पिकतं, पाळी येते. कणगी रिती झाली की लेप्टिन घटतं आणि पाळी थांबते. गर्भ पोसायचा, पुढं बाळाला पाजायचं, तर शिधा नको का?

दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, पश्चिम हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. तेव्हा कितीतरी बायकांची पाळी बंद झाली. नऊ महिन्यांनी तिथले जन्म निम्म्याहून खाली आले. पुढं अन्न मिळालं, तसे पाळणे पुन्हा हलू लागले. फार कडक उपास, बेसुमार व्यायाम किंवा सडपातळ दिसण्याचा हट्टही मुलींच्या शरीरात असाच दुष्काळ आणू शकतो.

उलट, चरबी फार झाली तरी घडी बिघडते. इन्सुलिन वाढतं, त्यानं बीजकोशात पुरुषी संप्रेरकं जास्त तयार होतात आणि बीज वेळेवर सुटत नाही. 'पीसीओएस' हा विकार असलेल्या पुष्कळ बायकांत हेच घडतं. अर्थात तो बारीक बायकांनाही होतो. वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते.

हे सारं सांगायचं कारण म्हणजे 'वांझ' हा शब्द. तो आपण किती सहज फेकतो! जिला तो लागतो तिचा देह कदाचित नुसता हिशेब करत असतो, आणि तो हिशेब बऱ्याचदा बदलता येतो. शिवाय दोष नवऱ्याकडेही असू शकतो. म्हणून वर्षभर वाट पाहूनही दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरांकडे दोघांनी जावं. बाईचं वय पस्तिशीपुढं असेल तर सहा महिन्यांतच जावं. पाळी तीन महिने आलीच नाही, तर मात्र तेवढंही थांबू नये.