घराचा गंध आणि आपले नाक
(उत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



मी वास्तुरचनाकार. घरातला उजेड, वारा, रंग यांबद्दल मला नेहमी विचारतात. वासाबद्दल सहसा कोणी विचारत नाही. म्हणून आज त्याविषयी चार शब्द.

आपल्या वाड्यांत मधोमध चौक असे. तापलेली हवा तिथून वर जाई आणि तिच्या जागी ताजी हवा आत ओढली जाई. धूर, दमट वास कोंडून राहत नसे. इकडे दिल्लीकडे उन्हाळ्यात दारांवर वाळ्याच्या ओल्या ताट्या लावत. झळा त्यातून गार, सुगंधी होऊन आत येत. नागपूरकरांना कूलरमधल्या वाळ्याचा वास वेगळा सांगायला नको! थोडक्यात, खिडकी कोठे हे ठरले, की नाकापर्यंत काय पोचणार हेही ठरते.

आता आपण फ्लॅटमध्ये एसी लावून खिडक्या बंद करतो. घरगुती स्प्लिट एसी बहुधा खोलीतलीच हवा फिरवत राहतो. त्यात नाकाचा स्वभाव असा, की तोच वास सतत आला तर काही मिनिटांत ते त्याची दखल घेईनासे होते. म्हणून आपल्याला न जाणवणारा कुबटपणा पाहुण्यांना दारातच कळतो. सुगंधी फवाऱ्याने तो झाकतो, भिंतीतली ओल मात्र तशीच राहते.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसला मूळचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत साचतो. म्हणून वरच्या एक्झॉस्ट पंख्यावर भिस्त न ठेवता खालीही बाहेर उघडणारी जाळी हवी. वयोमानाने वासाची जाणीव मंदावते. २०२० नंतर कोविडनेही अनेकांची ती हिरावली. अशा घरांत गॅसगळतीचा अलार्म जरूर बसवावा.

आणखी एक. सुट्टीत गावाहून परतल्यावर बाथरूममधून गटाराचा वास येतो ना? जाळीखालच्या ट्रॅपमधले पाणी आटलेले असते, तेच तर तो वास अडवते. बादलीभर पाणी ओता, काम झाले.

शेवटी एकच विनंती. बाहेरून घरी आलात की दारात क्षणभर थांबून दीर्घ श्वास घ्या. नाक तेव्हा ताजे असते. ते जे सांगेल ते ऐका.

गणपती बाप्पा मोरया!