वीजजाळ्यांचा शेजारधर्म



धान्याची पोती एका गावाहून दुसऱ्या गावी न्यावयाची झाल्यास कोणत्या वाटेने जावयाचे, हे गाडीवान ठरवितो. कालव्याच्या पाण्यालाही दारे उघडून वा मिटून वळण लावता येते. विजेची गोष्ट निराळी आहे. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या जाळ्यात एका टोकाला वीज सोडली आणि दुसऱ्या टोकाला ती काढून घेतली, की ती मधल्या सर्व वाहिन्यांतून आपोआप विभागून वाहू लागते. ज्या वाटेचा अवरोध कमी, तिच्यातून अधिक आणि ज्या वाटेचा अधिक, तिच्यातून कमी. विक्रीच्या करारात विकणारा, घेणारा आणि मार्ग यांची नावे लिहिलेली असतात. परंतु तारांना करार वाचता येत नाही.

या एका नैसर्गिक नियमातून आजच्या व्याख्यानाचा विषय उद्भवतो. उत्तर अमेरिकेत ईरी सरोवराच्या भोवती ओहायो, मिशिगन, पेन्सिल्व्हेनिया, न्यूयॉर्क ही राज्ये आणि कॅनडाचा ओन्टारिओ प्रांत वसलेले आहेत. पश्चिमेकडील एखाद्या केंद्राने न्यूयॉर्कला पेन्सिल्व्हेनियामार्गे वीज विकली, तरी तिचा काही भाग सरोवराला उत्तरेकडून वळसा घालून मिशिगन आणि ओन्टारिओतून जातो. सौदा दोघांचा असतो, भार मात्र तिसऱ्याच्या तारांवर पडतो. तो भार कोठून आला हे त्या तिसऱ्याला सांगितले गेले नाही, तर आपली वाहिनी का तापत आहे, याचा उलगडा त्याला होणार नाही. आणि उपाय योजावयाचा तर कोणाला विनवावे, हेही कळणार नाही.

म्हणून शेजारच्या जाळ्यांचे चालक परस्परांना अनेक प्रकारची माहिती देतात. पहिली माहिती सौद्यांची: किती मेगावॉट, कोठून कोठे, केव्हापासून केव्हापर्यंत. सीमेवरून जाणाऱ्या विजेचा आकडा दोन्ही दप्तरांत सारखाच असावा लागतो. एकाची जावक ती दुसऱ्याची आवक. हा पडताळा चुकला, तर एकजण पाठवीत नाही ती वीज दुसरा गृहीत धरून बसतो, आणि त्या तफावतीने साऱ्या जाळ्याची वारंवारता ढळते. दुसरी माहिती दुरुस्तीसाठी बंद ठेवावयाच्या वाहिन्यांची व जनित्रांची. तिसरी आणि सर्वांत निकडीची माहिती म्हणजे या क्षणी कोणती वाहिनी चालू आहे, कोणती तुटली आहे आणि कोणीतून किती वीज वाहत आहे.

या तिसऱ्या माहितीचे मोल १४ ऑगस्ट २००३ रोजी कळून आले. ओहायो राज्याच्या उत्तर भागातील वाहिन्यांवर देखरेख करणारी संस्था होती मिडवेस्ट इंडिपेंडंट सिस्टिम ऑपरेटर, संक्षेपाने मायसो. तिच्या शेजारी पीजेएम ही दुसरी संस्था होती. मायसोकडे एक संगणकीय साधन होते. ठिकठिकाणच्या मोजमापांवरून ते जाळ्याची खरी स्थिती अनुमानाने ठरवी, आणि अमुक वाहिनी तुटल्यास पुढे काय होईल, याचा हिशेब त्या अनुमानावर मांडला जाई. त्या दिवशी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास ते अनुमान जुळेनासे झाले. एका तज्ज्ञाने दोष काढला. पण साधन पुन्हा आपोआप चालावे म्हणून जी कळ चालू करावयाची, ती चालू करावयाचे राहून गेले. ही चूक दोन वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास लक्षात आली व सुधारली गेली. तरीही उत्तर जुळेना.

कारण सीमेपलीकडे होते. दक्षिण ओहायोतील स्टुअर्ट-अटलांटा ही ३४५ किलोव्होल्टची वाहिनी झाडाला स्पर्श होऊन दोन वाजून दोन मिनिटांनी बंद पडली होती. ती मायसोच्या क्षेत्रात नव्हती, आणि तिच्या अवस्थेची वर्दी मायसोच्या संगणकाला मिळत नव्हती. संगणक ती चालूच आहे असे धरून गणित करीत होता. अखेर साडेतीनच्या सुमारास मायसोच्या माणसाने पीजेएमला दूरध्वनी केला, आणि सुमारे दीड तास आधी घडलेली गोष्ट त्याला तोंडी कळली. यानंतर उत्तर जुळले. चार वाजून चार मिनिटांनी सर्व साधने पूर्ववत आपोआप चालू झाली. त्यानंतर दोन मिनिटांच्या आतच उत्तर ओहायोतील सॅमिस-स्टार वाहिनी बंद पडली आणि कोसळण्याची साखळी सुरू झाली. सुमारे सात मिनिटांत अमेरिकेतील आठ राज्यांचे विस्तीर्ण प्रदेश व ओन्टारिओ प्रांत विजेवाचून राहिले. जवळजवळ पाच कोटी लोक आणि ६१,८०० मेगावॉट भार यांना त्याची झळ बसली.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्टुअर्ट-अटलांटा वाहिनी तुटल्यामुळे हा अंधार पसरला नाही. उत्तर ओहायोतील वीज कंपनीच्या नियंत्रणकक्षातील धोक्याची सूचना देणारी यंत्रणा दुपारीच निकामी झाली होती, आणि तेथील वाहिन्या वाढलेल्या झाडांना टेकून एकामागून एक तुटत होत्या. परंतु ज्या देखरेख करणाऱ्या संस्थेने त्या कंपनीला वेळीच सावध करावयाचे, तिची दृष्टी शेजारच्या एका वाहिनीची वार्ता न मिळाल्याने झाकोळली होती. चौकशीसाठी नेमलेल्या अमेरिका-कॅनडा संयुक्त कृतिदलाने एप्रिल २००४ मध्ये अंतिम अहवाल दिला. सीमेलगत एकाला दिसलेला धोका दुसऱ्याच्या क्षेत्रातील असेल, तर उभयतांनी केव्हा आणि कसे वागावे याची परिणामकारक रीत या दोन संस्थांमध्ये नव्हती, असा ठपका त्यात आहे.

याच सुमारास मायसो आणि पीजेएम यांनी संयुक्त कार्यचालनाचा करार केला. परस्परांच्या क्षेत्रातील प्रवाह, बंद वाहिन्या व जनित्रांची वेळापत्रके यांची नित्य देवाणघेवाण ठरली; सीमेवरील कोणत्या वाहिनीचा किती वाटा कोणी वापरावा, हेही ठरले. २००५ पासून त्यात आणखी एक पाऊल पडले. सीमेवर कोंडी झाली, की ती फोडण्यास कोणाला किती खर्च पडेल, हे उभयता परस्परांना कळवितात. ज्याला स्वस्त पडेल तो आपली जनित्रे कमीजास्त करतो, आणि पैशांचा हिशेब मागाहून होतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. कोणते जनित्र केव्हा बंद राहणार, हे बाजारात आधी फुटले तर त्यावरून नफेखोरी होऊ शकते. म्हणून चालकांनी चालकांना द्यावयाची माहिती आणि सर्वांसाठी खुली ठेवावयाची माहिती यांत भेद करावा लागतो. गुप्तता व्यापाऱ्यापासून राखावयाची असते. जाळे राखणाऱ्यापासून लपविलेली माहिती कोणाच्याही हिताची ठरत नाही.

भारताचा अनुभव या धड्याला दुसरी बाजू जोडतो. येथे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक राज्याने किती वीज घ्यावयाची, याचे वेळापत्रक प्रादेशिक भारप्रेषण केंद्रे तयार करतात. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर विभागाचे जाळे कोसळले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य हे तिन्ही विभाग कोसळले. दुसऱ्या दिवशी सुमारे ४८,००० मेगावॉट भार गेला. दोन्ही वेळा निमित्त झाले ते मध्य प्रदेशातील बीना येथून ग्वाल्हेरकडे जाणाऱ्या वाहिनीचे. तिच्यावर अतोनात ताण होता. उत्तरेकडील राज्ये ठरल्यापेक्षा अधिक वीज ओढीत होती. येथे हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. प्रादेशिक केंद्रांनी राज्यांच्या केंद्रांना सूचनाही दिल्या होत्या. मात्र त्यांना पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही, असे चौकशी समितीने नोंदविले.

एका ठिकाणी वार्ताच पोहोचली नाही. दुसऱ्या ठिकाणी ती पोहोचली, पण मानली गेली नाही. परिणाम एकच झाला. शेजारधर्माची ही दोन अंगे आहेत: आपल्या घरी काय घडले ते शेजाऱ्याला वेळीच सांगणे, आणि त्याने सांगितले की आपला हात आवरणे. जोडलेल्या तारांनी ज्यांची घरे एक केली आहेत, त्यांना यांपैकी कोणतेही एक अंग सोडून चालावयाचे नाही.