बुधवारी काय खाता?



परदेशात आल्यावर पहिली एक-दोन वर्षं आपण मराठी माणसं शोधण्यात घालवतो, आणि त्यात काही गैर नाही. मंडळाचा गणपती, संक्रांतीचं हळदीकुंकू, कुणाकडे तरी पॉटलक. पण मधल्या मंगळवार-बुधवारचं काय? जोडीदार कामावर, मुलं शाळेत, आणि डिपेंडंट व्हिसावर आलेलं माणूस घरात एकटं. दुपारचा एक वाजला की पुण्यात रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात, म्हणजे आईला फोन लावायचीही सोय नाही. अशा वेळी ज्याचं दार वाजवता येईल असं एक तरी घर त्याच बिल्डिंगमध्ये हवं. ते मराठी असेलच असं नाही.

"शेजाऱ्यांशी मैत्री करा" हे सांगायला सोपं. बोलायचं काय? हवामानावर किती बोलणार! मला विचाराल तर जेवणाबद्दल विचारावं, आणि त्यातही उपासाबद्दल. आपण शाकाहारी आहोत किंवा गुरुवार पाळतो, म्हणून बाहेरच्यांकडे जेवायला जाणं टाळणारी कितीतरी घरं आहेत. खरं तर तीच गोष्ट ओळखीला उपयोगी पडते.

आपल्या वॉशिंग्टन डीसी परिसरात इथिओपियन वस्ती मोठी आहे. सिल्व्हर स्प्रिंगला किंवा अलेक्झांड्रियाला गेलात तर त्यांची हॉटेलं आणि किराणा दुकानं दिसतीलच. त्यांच्यातले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतात. ईस्टरच्या आधी तर सलग ५५ दिवस. उपास म्हणजे मांस नाही, अंडं नाही, दूध-तूप-लोणीसुद्धा नाही. त्यामुळे बहुतेक इथिओपियन हॉटेलांत उपासाचं ताट मिळतंच: मसूर, पिवळ्या वाटाण्याची हळद घातलेली डाळ, पालेभाजी, कोबी-बटाटा. खाली इंजेरा. टेफ नावाच्या खसखशीएवढ्या धान्याचं पीठ काही दिवस आंबवून केलेला जाळीदार, आंबूस, भलामोठा घावनच म्हणा. ग्लुटेन चालत नसेल तर मात्र विचारून घ्या, इथे पुष्कळदा त्यात गव्हाचं किंवा जवाचं पीठ मिसळतात.

आणि शिरो! नाव ऐकून मुलं गोड शिऱ्याची वाट बघतात, समोर येतं पिठलं. हरभऱ्याचं मसाला घातलेलं पीठ, कांद्याच्या फोडणीवर शिजवलेलं, रटरटत येणारं. आपल्या आजीला डोळे मिटून एक घास दिला तर ती फक्त "लसूण जास्त पडलाय" एवढंच म्हणेल. हे सगळं एकाच ताटातून, उजव्या हाताने, सगळ्यांनी मिळून खायचं. त्यात कुणी इंजेऱ्याच्या तुकड्यात भाजी गुंडाळून थेट तुमच्या तोंडाशी आणली तर दचकू नका. त्याला गुर्शा म्हणतात. आपल्या लग्नात नवरा-नवरी घास भरवतात ना, तसंच, फक्त इथे मित्रही भरवतात. नाही म्हणू नये.

कॉफीला बोलावलं तर वेळ काढून जा. हिरव्या बिया तुमच्यासमोर भाजतात, कुटतात, जेबेना नावाच्या मातीच्या भांड्यात उकळतात, आणि तीन फेऱ्या होतात. पहिला कप पिऊन "चला, निघते" म्हणणं म्हणजे आपल्याकडे आमटी-भातावरूनच उठण्यासारखं. तासभर बसलं की आपोआप मुलांच्या शाळा, सासू, व्हिसा, सगळं निघतं.

फॉल्स चर्चच्या ईडन सेंटरमधली व्हिएतनामी दुकानंही बघा. तिथे मेन्यूवर 'चाय' दिसलं तर तो चहा नव्हे, त्याचा अर्थ शाकाहारी. बरेच बौद्ध लोक त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तसं खातात. काही कडक पाळणारे कांदा-लसूणही वर्ज्य करतात, थेट आपला चातुर्मास. एरवी मात्र माशाचं सॉस जवळजवळ सगळ्यात असतं, ते विचारायलाच हवं. मालवणी मंडळींना ही अडचण नाही. त्यांनी चिंच घातलेलं माशाचं आंबट सूप मागवावं आणि घरी जाऊन आईला फोन करावा.

लँगली पार्कला एल साल्वाडोरच्या बायका पुपुसा थापतात, हातावर, भाकरीसारख्या. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, पानाला लावतो तोच चुना. आत राजम्याची उसळ वाटून भरलेली असते. शाकाहारी असाल तर "मांतेका आहे का?" एवढं विचारा, म्हणजे डुकराची चरबी.

आता दुसरी बाजू. शेजारणीने डबा पाठवला तर तो रिकामा परत द्यायचा नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण काय घालून द्यायचं? पुरणपोळी सगळ्यांना आवडते, तिखट ठेचा जपून. आणि इथे शेंगदाण्याची ॲलर्जी अनेक मुलांना असते, काहींना जिवावर बेतणारी. आपला कूट तर कोशिंबिरीपासून साबुदाण्यापर्यंत सगळीकडे. तेव्हा डबा भरायच्या आधी फोन करून विचारा. बुधवार असेल तर हेही विचारा, की आज तूप चालेल का. चालत नसेल तर पोळीला तेल लावा.